फोटोतला डोंगर फिकट का येतो?

पाऊस उघडला की गारखेड्यासारख्या वस्तीतली माणसे शनिवार-रविवार साधून देवगिरी, खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ अशी फेरी मारून येतात. गारखेडा हा छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीच्या औरंगाबादचा) दक्षिणेकडचा भाग. तिथून देवगिरीचा किल्ला सरळ रेषेत सोळा-सतरा किलोमीटरवर आहे, आणि म्हैसमाळ रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पूर्वी अशा सहलीत दहाजणांत एखाद्याकडे कॅमेरा असे आणि छत्तीस फोटोंचा रोळ पुरवून पुरवून वापरावा लागे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत फोटो दाखवताना होणारी तक्रार मात्र जुनीच आहे : "प्रत्यक्षात फार छान दिसत होतं हो, फोटोत तसं आलं नाही."

ही तक्रार नीट ऐकली तर तिच्यात दोन वेगळ्या तक्रारी सापडतात. डोंगर फारच लहान आला, ही पहिली. डोंगर फिकट, धुरकट आला, ही दुसरी. पहिलीचे उत्तर भूमितीत आहे आणि ते लवकर उरकता येते. दुसरीचे उत्तर हवेत आहे आणि तिथे थोडे थांबावे लागेल.

दोनशे मीटर उंचीची टेकडी दहा किलोमीटरवरून पाहिली तर ती डोळ्याशी एका अंशाहून जरासा मोठा कोन करते. हात पूर्ण लांब करून करंगळी आडवी धरली, तर तिच्याआड ती टेकडी जवळजवळ झाकली जाईल. फोनचा नेहमीचा कॅमेरा आडवा धरला तर त्याच्या चौकटीत वरपासून खालपर्यंत सुमारे पन्नास अंशांचे दृश्य मावते. म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीच्या छापील फोटोत त्या टेकडीच्या वाट्याला अडीच मिलिमीटरसुद्धा येत नाहीत. आपण पाहताना सगळे लक्ष टेकडीवर ठेवतो, आजूबाजूचे आकाश आणि रान मनातून वगळतो. कॅमेऱ्याला असे वगळता येत नाही. तेव्हा टेकडी मोठी हवी असेल तर लांब पल्ल्याचे भिंग लावावे किंवा जवळ जावे. इतकेच.

आता फिकटपणाकडे वळू. दौलताबादचा घाट चढून वर आल्यावर मागे वळून पाहिले की देवगिरीची शंकूसारखी टेकडी दिसते. ही टेकडी आणि या परिसरातले सगळे डोंगर बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे आहेत. हाच कातळ किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून पाहिला तर जवळजवळ काळा दिसतो. घाटातून पाहिला तर करडा दिसतो. आणखी मागच्या रांगा निळसर, त्यांच्याही मागच्या आणखी फिकट, आणि शेवटची रांग कुठे संपते व आकाश कुठे सुरू होते हे सांगणे कठीण. कातळ तोच. मग हा उजेड आला कुठून?

सर्वसाधारण समजूत अशी की दूरच्या वस्तूकडून येणारा प्रकाश वाटेत कमी होतो म्हणून ती अस्पष्ट दिसते. ही अर्धीच गोष्ट आहे. प्रकाश केवळ कमी होत असता तर दूरचा डोंगर अधिक काळा दिसायला हवा होता! तो उजळ दिसतो, कारण आपल्या आणि डोंगराच्या मध्ये असलेल्या हवेवर सूर्यप्रकाश पडलेला असतो आणि त्यातला काही भाग ती हवा आपल्या डोळ्यांकडे वळवते. यालाच आपण प्रकाशाचे विकिरण म्हणतो. काळ्या कातळाकडून जवळपास काहीच येत नसते, म्हणून दूरच्या काळ्या डोंगराच्या जागी जे दिसते ते मुख्यतः मधल्या हवेचे तेज असते. डोंगराचा फोटो काढताना आपण खरे तर हवेचाच फोटो काढत असतो, आणि डोंगर त्याला मागून काळ्या फळ्यासारखा उपयोगी पडतो.

वर्गात हे सहज दाखवता येते. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, मागे काळा कागद उभा करा आणि बाजूने टॉर्चचा झोत सोडा. कागद काळाच दिसेल. आता पाण्यात दुधाचे थेंब एकेक करून टाका व ढवळा. कागद हळूहळू करडा, निळसर होत जाईल. कागद बदललेला नाही, त्याच्यावरचा प्रकाशही वाढलेला नाही. आता टॉर्च पेल्याच्या मागे नेऊन पाण्यातून तिच्याकडे पाहा, ती पिवळसर दिसेल. निळा प्रकाश बाजूला वळवला गेला की सरळ येणाऱ्या प्रकाशात पिवळा-तांबडा शिल्लक राहतो. म्हणूनच दूरच्या काळ्या वस्तू निळसर होतात आणि दूरचे पांढरे ढग किंचित पिवळट. चित्रकारांना हे फार आधीपासून ठाऊक होते. लिओनार्दो दा विंचीने दूरचे डोंगर अधिक निळे रंगवावेत असे लिहून ठेवले आहे.

निळाच का, याचे उत्तर लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दिले. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने अतिशय लहान असतात, आणि इतक्या लहान कणांकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ६५० नॅनोमीटरचा तांबडा यांची तुलना केली तर निळ्याचे विकिरण चौपटीहून अधिक भरते. पाठ्यपुस्तक इथे थांबते आणि विद्यार्थ्यांची समजूत होते की डोंगरांची निळाई म्हणजे हवेच्या रेणूंचीच करामत. आकाशाच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. डोंगरांच्या बाबतीत हिशेब करून पाहिल्याशिवाय ते मान्य करू नये.

हिशेबासाठी एक सोपी कल्पना घेऊ. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल आपण शिकवतोच. तसेच हवेचे 'अर्ध-अंतर' मानू. काळ्या डोंगराच्या उजेडाची तुलना त्याच्या अगदी वरच्या, क्षितिजालगतच्या आकाशाशी करायची. ज्या अंतरावर काळा डोंगर त्या आकाशाच्या निम्म्याइतका उजळ दिसतो ते अर्ध-अंतर. दुप्पट अंतरावर तो पाऊणपट उजळ दिसेल, तिप्पट अंतरावर साडेसत्त्याऐंशी टक्के. दर अर्ध-अंतरागणिक आकाश व डोंगर यांच्यातली तफावत निम्मी होत जाते. ती दोन टक्क्यांवर आली की साधारणपणे डोळ्याला डोंगर वेगळा ओळखता येत नाही. निम्म्याचे निम्मे करत दोन टक्क्यांपर्यंत यायला ५.६ अर्ध-अंतरे लागतात. तेव्हा दृश्यमानता, म्हणजे डोंगर दिसू शकण्याची कमाल मर्यादा, ही अर्ध-अंतराच्या ५.६ पट. हा नियम जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये मांडला आणि विमानतळावरच्या दृश्यमानतेच्या मोजणीमागे आजही तोच आहे.

पूर्णपणे स्वच्छ हवेत, जिथे फक्त वायूंचे रेणू आहेत आणि दुसरे काहीही नाही, अर्ध-अंतर सुमारे ५५ किलोमीटर असते. म्हणजे दृश्यमानता सुमारे ३०० किलोमीटर. (पृथ्वीच्या वक्रतेमुळे इतके लांबचे दिसण्यासाठी उंच पर्वत लागतील, हा भाग निराळा.) आता समजा, ऑक्टोबरातल्या एका निवळ दिवशी दहा किलोमीटरवरचा कातळ आकाशाच्या निम्मा उजळ दिसला. अर्ध-अंतर दहा किलोमीटर, दृश्यमानता ५६ किलोमीटर. ज्याला आपण 'काय स्वच्छ हवा आहे!' म्हणू असाच हा दिवस. तरीही मधल्या उजेडात रेणूंचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी निघतो. बाकी सगळा वाटा हवेत तरंगणाऱ्या कणांचा : चुलीचा व शेतातल्या काडीकचऱ्याचा धूर, वाहनांची काजळी, त्यांच्या वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेट-नायट्रेटचे सूक्ष्म कण, मातीची धूळ. यांतले जे कण एका मायक्रोमीटरच्या दशांशाएवढे असतात ते निळ्या प्रकाशाला थोडे झुकते माप देतात, म्हणून त्यांचा धुरकटपणा निळसर असतो. धूळ आणि धुके यांचे मोठे कण सर्व रंगांना सारखेच वागवतात, त्यामुळे त्यांचा पडदा पांढुरका किंवा मातकट असतो. आपण 'निळे डोंगर' म्हणून ज्यांचे कौतुक करतो त्यात धुराचाही हिस्सा असतो, हे ऐकायला बरे वाटत नाही, पण आकडे तसेच सांगतात.

मग प्रत्यक्ष पाहताना हा धुरकटपणा आपल्याला इतका का खुपत नाही? कारण मेंदू त्याचा वेगळाच उपयोग करून घेतो. दोन डोळ्यांच्या मदतीने अंतर ओळखण्याची क्षमता काहीशे मीटरपलीकडे निकामी होते. त्यापुढे डोंगराचा फिकटपणा हीच अंतराची एक मोठी खूण असते. मेंदू फिकटपणाचे भाषांतर 'लांब' असे करतो आणि पडद्यापलीकडचा डोंगर आपल्याला दाखवतो. मोठ्या पावसानंतर उघडीप झाली की सातारा परिसरातले डोंगर एकदम जवळ आल्यासारखे वाटतात, याचे कारण हेच. पावसाने कण धुऊन नेले, फिकटपणा गेला, आणि मेंदूने अंतराचा हिशेब चुकवला. कॅमेरा असले भाषांतर करत नाही. त्याच्यापर्यंत जेवढा प्रकाश येतो तेवढा तो मांडून ठेवतो.

जुने कॅमेरे तर याहूनही निर्दय होते. मद्रास लष्करातले अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्यासाठी नेमणूक झाली होती. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. त्या काळच्या काचेवरच्या लेपांना फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश कळत असे. तांबडा व हिरवा त्यांच्या लेखी अंधारच. याचा परिणाम म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक निसर्गचित्रांत आकाश कोरे पांढरे येते आणि मागच्या डोंगररांगा विरून जातात. हवेचे विकिरण नेमके ज्या रंगात सर्वांत जास्त, त्याच रंगात तो लेप पाहत होता. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी लेपात रंगद्रव्य मिसळून त्याला इतर रंग दाखवता येतात हे शोधून काढले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या. मग छायाचित्रकारांनी उलटी युक्ती केली. भिंगावर तांबडी काच लावून निळा प्रकाश अडवायचा, की आकाश काळवंडते आणि दूरचे डोंगर उठून दिसतात. रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये आणखी पुढे जाऊन अवरक्त प्रकाशात निसर्गचित्रे घेतली. त्यात आकाश जवळजवळ काळे आणि झाडे बर्फासारखी पांढरी आली, कारण पानांकडून अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित होतो.

तांबड्या काचेची ही युक्ती फोनवरही चालते. रंगीत फोटो कृष्णधवल करताना फक्त तांबडा रंग ठेवण्याची सोय अनेक प्रोग्रॅममध्ये असते. ती वापरून पाहा, आणि मग फक्त निळा ठेवून पाहा. दुसऱ्या चित्रात गिलसाहेबांच्या काळातला डोंगर दिसेल.

ज्यांना केवळ चांगला फोटो हवा आहे त्यांनी दिवस आणि दिशा या दोन गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ झाले. दिवस पाऊस पडून गेल्यानंतरचा. डिसेंबर-जानेवारीची सकाळ सुंदर असते, पण थंड, जड हवा जमिनीलगत बसून राहते आणि वरच्या उबदार थराखाली गावागावांचा धूर कोंडतो. म्हैसमाळच्या कड्यावरून हा थर ताटात पसरलेल्या दुधासारखा सपाट दिसू शकतो. एप्रिल-मेमध्ये धूळ. दिशेचे महत्त्व मात्र फारसे कुणी लक्षात घेत नाही. तरंगलांबीच्या जवळपास आकाराचे कण प्रकाशाला मुख्यत्वे पुढच्याच दिशेने ढकलतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड केले की मधली हवा झगझगते आणि सूर्य पाठीशी घेतला की तीच हवा बरीच निवळ भासते. घाटातून देवगिरी आग्नेयेच्या बाजूला पडतो. सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो, तेव्हा फोटोत धुरकट आकृती येणार. दुपार कलल्यावर सूर्य आपल्या पाठीमागे जातो आणि तटबंदीचे दगडसुद्धा मोजता येतात. वेरूळची लेणी कोरलेला कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथेही दुपारनंतरच उजेड आत शिरतो. म्हणजे सहलीवाल्यांचा सकाळी किल्ला, दुपारी लेणी, संध्याकाळी म्हैसमाळला सूर्यास्त हा ठरलेला क्रम किल्ल्याच्या फोटोला अगदी गैरसोयीचा. सूर्यास्ताचे फोटो पुरेसे झाले आहेत असे माझे मत आहे. त्या वेळी सूर्याकडे पाठ करून उभे राहावे.

आणखी एक साधन पोलरॉइड गॉगलचे. सूर्याच्या दिशेशी काटकोनात पाहिले तर रेणूंनी वळवलेल्या प्रकाशाचे ध्रुवण झालेले असते. सकाळी किंवा संध्याकाळी उत्तरेकडे अथवा दक्षिणेकडे पाहत गॉगलची काच भिंगासमोर धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत आकाश गडद होते आणि डोंगर किंचित स्पष्ट होतो. १९२१ मध्ये 'नारकुंडा' जहाजावरून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी निकोल लोलकातून समुद्र पाहिला तो याच तत्त्वावर. पृष्ठभागावरून परावर्तित झालेले आकाश त्यांनी लोलकाने गाळून टाकले, तरी समुद्र निळाच राहिला. हवेत धूळ फार असेल तर मात्र काच फिरवून फारसा फरक पडत नाही. हवेची ही एक झटपट परीक्षाच समजा.

शाळेच्या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते ते मोजमाप. आपल्या गावातून दिसणारी, पाच ते पंधरा किलोमीटरवरची एखादी काळपट टेकडी किंवा कडा निवडा. अंतर नकाशावरून काढा. टेकडीच्या सावलीतल्या भागाचा आणि तिच्या लगेच वरच्या आकाशाचा एकाच चौकटीत फोटो घ्या, शक्यतो निरभ्र दिवशी, रोज एकाच वेळी आणि एकाच जागेवरून. संगणकावर कुठल्याही साध्या चित्र-प्रोग्रॅममध्ये त्या दोन ठिकाणचे आकडे वाचता येतात, ० ते २५५ या मापात. समजा, आकाशाचा आकडा २२० आणि टेकडीचा १६० आला.

इथे एक सापळा आहे. १६० भागिले २२० म्हणजे ७३ टक्के, असे म्हणून मोकळे होऊ नका. फोटोच्या फाइलमधले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. अंधाऱ्या भागातले बारकावे टिकावेत म्हणून ते मुद्दाम वाकवलेले असतात. १२८ हा आकडा मधला वाटतो, पण तो कमाल प्रकाशाच्या जेमतेम २२ टक्के प्रकाश दर्शवतो. खरे गुणोत्तर मिळवायला त्या भागाकाराचा २.२ वा घात घ्यावा लागतो. ०.७३ चा २.२ वा घात सुमारे ०.५. म्हणजे टेकडी आकाशाच्या निम्मी उजळ आहे, आणि ती दहा किलोमीटरवर असेल तर अर्ध-अंतर दहा किलोमीटर व दृश्यमानता ५६ किलोमीटर. सरळ ७३ टक्के धरले असते तर दृश्यमानता ३० किलोमीटर निघाली असती. जवळजवळ दुपटीची चूक! दुसरा सापळा फोनच्या हुशारीचा. बरेच फोन आपण न सांगता धुरकटपणा कमी करतात, काळोखे भाग उजळवतात, अनेक फोटो एकत्र करतात. घरच्या अल्बमसाठी हे छान, मोजणीसाठी घातक. अशा सोयी बंद कराव्यात, आणि फोनमध्ये कच्ची फाइल साठवण्याची सोय असेल तर ती वापरावी. कच्च्या फाइलमधले आकडे मात्र प्रकाशाच्या प्रमाणातच असतात. त्यातून सेन्सरचा काळ्याचा मूळ आकडा वजा केला की घात वगैरे काही लागत नाही.

हाच हिशेब तांबड्या, हिरव्या, निळ्या आकड्यांसाठी वेगवेगळा करा. निळ्यातले अर्ध-अंतर तांबड्यापेक्षा बरेच कमी आले तर हवेत बारीक कण, म्हणजे बहुधा धूर. दोन्ही जवळपास सारखी आली तर धूळ किंवा धुके. प्रत्येक वेळी त्याच रंगातल्या आकाशाशी तुलना करत असल्यामुळे कॅमेऱ्याने रंग थोडे इकडेतिकडे केले असले तरी त्याचा परिणाम बऱ्याच अंशी छाटला जातो.

भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याच्या कॅमेऱ्यांत निळ्यापासून अवरक्तापर्यंतचे चार पट्टे होते, आणि अशा चित्रांचा अर्थ लावणाऱ्यांना पहिली अडचण येते ती हीच : वरून पाहतानाही मधली हवा चित्रात उतरते, निळ्या पट्ट्यात सर्वांत जास्त. त्यावरचा एक जुना व साधा उपाय म्हणजे चित्रातली सर्वांत काळी जागा शोधायची. खोल तलावाचे पाणी किंवा कड्याची सावली. तिथून जो उजेड येतो तो हवेचा समजायचा आणि सगळ्या चित्रातून वजा करायचा. गच्चीवरून टेकडी मोजणारा आठवीतला मुलगा यापेक्षा वेगळे काही करत नसतो.

हवा मोजणारी महागडी यंत्रे शहरांत असतात. खुलताबाद, कन्नड किंवा फुलंब्रीकडच्या एखाद्या शाळेत वर्षभर रोज साडेअकराला एक फोटो घेतला, गच्चीच्या कठड्यावर खूण करून फोन नेहमी तिथेच टेकवला, आणि वहीत तारीख, आदल्या दिवशीचा पाऊस, वाऱ्याची दिशा व तिन्ही रंगांची अर्ध-अंतरे लिहून ठेवली, तर दिवाळीच्या आठवड्यात काय झाले, कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या तेव्हा काय झाले आणि पहिल्या वळवाने किती धुऊन निघाले हे त्या वहीतच वाचता येईल. सुरुवात पावसाळा संपताना करावी. त्या वेळचे अर्ध-अंतर सहसा वर्षातल्या सर्वांत मोठ्यांपैकी असते, आणि पुढच्या महिन्यांची तुलना त्याच्याशी करता येते.